शेतावर रिव्हॉल्व्हर ठेवायचं का? पाटणच्या वस्तीवरून एक हिशोब

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. प्रश्न साधारण असा असतो: "आमची वस्ती गावापासून लांब आहे. रात्री मोटर चालू करायला जावं लागतं. रानडुकरं आहेत, गवे आहेत, बिबट्या दिसतो. खिशात मावेल असं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचं झालं तर कोणतं घ्यावं?"

प्रश्न विचारणारे बहुतेक जण पाटण, कराड, शिराळा या पट्ट्यातले आहेत. बऱ्याच जणांनी सोबत यूट्यूबची लिंकपण टाकलेली असते. त्यात अमेरिकेतला कुणी शेतकरी कमरेला लहानसं रिव्हॉल्व्हर लावून ट्रॅक्टरवर बसलाय आणि सांगतोय की शेतावर यासारखी सोबत नाही.

तर आज आपण हा प्रश्न नीट सोडवू. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एक पद्धत असते: कोणतं टूल घ्यायचं हे विचारायच्या आधी काम काय आहे ते लिहून काढायचं. इथेही तेच करू. आधी काम, मग गणित, मग कायदा, आणि सगळ्यात शेवटी मॉडेल. हा क्रम उलटा केला की सव्वा लाख रुपये आणि दोन वर्षं चुकीच्या कागदामागे जातात.

आधी काम लिहून काढू

शेतावर बंदूक हवी असं आपण म्हणतो तेव्हा मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

पहिली, पीक. भुईमूग, भात, ऊस, मका. रात्रीतून रानडुकरांचा कळप येतो आणि अख्खं वावर नांगरल्यासारखं करून जातो.

दुसरी, जनावरापासून आपल्या जिवाला असलेला धोका. बांधावर अचानक गवा समोर येणं, उसात बिबट्या असणं, पायाखाली घोणस येणं.

तिसरी, माणसापासून असलेला धोका. एकटी वस्ती, म्हातारे आई-वडील, आधी झालेली चोरी किंवा कुणी दिलेली धमकी.

ही तीन कामं वेगळी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. लहान रिव्हॉल्व्हर यातल्या फक्त तिसऱ्या कामासाठी बनवलेलं आहे, तेसुद्धा हाताच्या अंतरावरून ते एखाद्या खोलीच्या लांबीपर्यंत. आजच्या भागाचं सार हेच आहे. आता हे असं का, ते बघू.

गणित क्रमांक एक: गोळीतला जोर

भारतात सामान्य नागरिकाला जे रिव्हॉल्व्हर मिळतं ते बहुतेक वेळा पॉइंट थ्री टू बोअरचं असतं, म्हणजे साधारण आठ मिलिमीटर जाडीची गोळी. असं का? कारण सैन्य आणि पोलीस वापरतात ती काडतुसं ज्यात बसतात अशी हत्यारं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. पॉइंट थ्री एट, पॉइंट फोर फाइव्ह, नाइन एमएम हे सगळं त्यात आलं. अमेरिकेतल्या व्हिडिओत जे थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नम वगैरे दाखवतात, ते तर डोक्यातून काढूनच टाका.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. थ्री टूच्या लांब काडतुसातली गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची असते आणि वेग सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर. गुणाकार केला की येतात सुमारे १५० ज्यूल. बारा बोअरच्या बंदुकीतून ३० ते ३२ ग्रॅम शिसं सेकंदाला साडेतीनशे-पावणेचारशे मीटर वेगाने निघतं. तिथे आकडा दोन हजार ज्यूलच्या वर जातो. फरक दहा पटीहून जास्त आहे.

समोर कोण आहे? पूर्ण वाढलेला रानडुक्कर शंभर किलोच्या घरात जातो. खांद्यावर जाड कातडी, खाली चरबी. गव्याचा नर तर सात-आठशे किलो, कधी त्याहून जास्त. एवढ्या जनावराला दीडशे ज्यूलची गोळी लागली तर तो जागेवर पडत नाही. तो जखमी होतो, आणि जखमी गवा किंवा डुक्कर काय करतो हे तुमच्या गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. म्हणजे तुम्ही धोका कमी करायला गेलात आणि तो वाढवून ठेवलात.

गणित क्रमांक दोन: नेम

कॉम्पॅक्ट या शब्दाची किंमत इथे मोजावी लागते. रिव्हॉल्व्हरची नळी तीन इंचांची असेल तर पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर असतं साधारण ११ सेंटीमीटर. या दोघांची ओळ फक्त एक मिलिमीटर चुकली तर २५ मीटरवर गोळी किती लांब जाईल? समरूप त्रिकोण लावा. २५ मीटर भागिले ११ सेंटीमीटर म्हणजे जवळपास २२७. एक मिलिमीटरची चूक तिथे पोहोचेपर्यंत २३ सेंटीमीटर झालेली असते.

लांब नळीच्या बंदुकीत डोळ्यापासून पुढच्या मण्यापर्यंत ७० सेंटीमीटर धरले तर तीच चूक साडेतीन सेंटीमीटरवर थांबते. शिवाय ती खांद्याला टेकलेली असते.

आता या गणितात रात्र मिळवा, दुसऱ्या हातातली बॅटरी मिळवा, पावसाने निसरडा झालेला बांध मिळवा आणि छातीतली धडधड मिळवा. डुकराचा मर्मभाग वीतभर असतो, आणि वीत म्हणजे साधारण २३ सेंटीमीटरच. म्हणजे मिलिमीटरभर हात हलला की गोळी बाहेर. ती बाहेर गेलेली गोळी कुठे जाते? शेकडो मीटर पुढे. आपल्याकडे वीज रात्रीची येते, त्यामुळे पलीकडच्या वावरातही कुणीतरी मोटरीला आलेलं असतं. त्याच्या हातातली बॅटरी तुम्हाला जनावराच्या डोळ्यांसारखी दिसू शकते. हा भाग हसण्यावारी नेऊ नका.

सापाबद्दल एक वाक्य. अमेरिकेतल्या व्हिडिओत सापावर बारीक छऱ्यांची काडतुसं मारताना दाखवतात. इथे पायाजवळच्या दगडावर गोळी झाडली तर ती उसळून तुमच्याच नडगीत येईल. सापासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगली बॅटरी हीच खरी हत्यारं आहेत. चावलाच तर वेळ न घालवता दवाखाना.

कायदा काय म्हणतो

आता गंमत बघा. जे गणित आपण आत्ता केलं, तेच आपल्या कायद्यात आधीपासून लिहिलेलं आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ वाचा. त्यात परवाना देण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता: संरक्षण किंवा खेळासाठी, नळी किमान २० इंच लांब असलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ठासणीची बंदूक पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर पिकासाठीही गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. दुसरा रस्ता: बाकी सगळी हत्यारं. तिथे अर्जदाराकडे "सबळ कारण" आहे हे अधिकाऱ्याला पटावं लागतं.

रिव्हॉल्व्हर या दुसऱ्या रस्त्यावर आहे. म्हणजे अर्जात "डुकरं भुईमूग खातात म्हणून रिव्हॉल्व्हर पाहिजे" असं लिहिलंत तर तुम्ही स्वतःच स्वतःचा अर्ज कमजोर केलात. पिकासाठी कायद्याने वेगळी बंदूक सांगितली आहे. रिव्हॉल्व्हरसाठी कारण लागतं ते तुमच्या जिवाला असलेल्या धोक्याचं, आणि ते कागदावर दिसावं लागतं: आधी दिलेली तक्रार, एफआयआर, वस्तीचं गावापासूनचं अंतर, रोकड बाळगावी लागणारा व्यवसाय असेल तर त्याचे पुरावे.

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. हे ऐकून "मग आम्हाला का नाही" असं वाटेल. पण ती त्या भागापुरती जुनी तरतूद आहे. साताऱ्यात ती लागू नाही.

पाटणकरांसाठी खास: दहा किलोमीटरचं वर्तुळ

हा मुद्दा मला कुठल्याच व्हिडिओत सापडला नाही, आणि आपल्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३४. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. हे अधिकारी बसतात नागपूरला. ज्यांच्याकडे आधीपासून परवाना आहे अशा त्या पट्ट्यातल्या लोकांनी नाव नोंदवायचं असतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरणाची माहितीसुद्धा वन्यजीव विभागाला द्यावी लागते.

आता पाटण तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला कोयना अभयारण्य, १९८५ पासून. त्याच्या दक्षिणेला चांदोली, ज्याला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नवजा, कोयनानगर, हेळवाक ही गावं जंगलाला खेटून आहेत. म्हणजे जिथे जनावरांचा त्रास सगळ्यात जास्त, तिथेच परवान्याची वाट सगळ्यात लांब. तारळे, मल्हारपेठेच्या बाजूला कदाचित हा प्रश्न येणार नाही. पण अंदाजाने बोलू नका. फोनवर मॅप उघडा, अभयारण्याच्या हद्दीपासून तुमच्या घरापर्यंतचं सरळ अंतर मोजा. रस्त्याचं नाही, सरळ रेषेतलं. आणि हद्दीबद्दल शंका असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. अर्ज करायच्या आधी हे काम अर्ध्या तासात होतं.

अजून एक: अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाता येत नाही, तुमच्याकडे परवाना असला तरी. पाहुण्यांकडे जायची जवळची वाट जंगलातून असेल तर हे लक्षात ठेवा.

परवाना आहे म्हणून जनावर मारता येतं का?

नाही. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना आहे, शिकारीचा नाही. कायद्यात शिकार या शब्दात जनावराला जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं.

गवा आणि बिबट्या अनुसूची एकमध्ये आहेत. मोरसुद्धा. त्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. तो जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर वनविभाग कलम ११ खाली मारायची लेखी परवानगी देऊ शकतो. ती आधी घ्यायची असते, नंतर नाही.

जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे जनावराला मारावं लागलं तर तो गुन्हा धरत नाहीत, हेही त्याच कलमात आहे. पण तुम्ही त्या वेळी कायदा मोडत असता कामा नये, आणि मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं होतं. म्हणजे डुक्कर पडलं म्हणून गावजेवण घातलंत की तुमचा बचाव तिथेच संपला.

काही जण म्हणतात, "मग एअरगन घेतो, तिला परवाना लागत नाही." कमी ताकदीच्या एअरगनला लागत नाही हे खरं. पण मोरावर किंवा दुसऱ्या संरक्षित प्राण्यावर छर्रा मारला तर वन्यजीव कायदा तुमची बंदूक कोणती होती हे विचारत नाही.

आणि गावठी कट्टा? त्याबद्दल सल्ला नाही, फक्त आकडा: विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद. त्यातला लोखंडाचा दर्जा असा की पहिला धोका चालवणाऱ्याच्या बोटांना.

तरीही रिव्हॉल्व्हरच हवं असेल तर

समजा तुमचं काम तिसरं आहे. वस्ती एकटी आहे, धोका खरा आहे, कागदोपत्री दाखवता येतो, आणि जवळच्या अंतरासाठी हत्यार हवंय. मग निवड कशी करायची?

भारतात बनणाऱ्यांपैकी चार नावं ओळखा.

सगळ्यात जुनं म्हणजे कानपूरचं नेहमीचं थ्री टू रिव्हॉल्व्हर. जुन्या वेब्ले पद्धतीवर बेतलेलं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, पोलादी. जड आहे, पण झटका कमी बसतो.

दुसरं निर्भीक. २०१४ मध्ये आलं, महिलांसाठी म्हणून जाहिरात झाली. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन सुमारे अर्धा किलो. त्या वेळी किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, त्यामुळे ज्यांच्यासाठी म्हणून काढलं त्यातल्या कितीजणींना परवडलं असतं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

तिसरं निडर. पॉइंट टू टू बोअरचं, पाव किलोचं, आठ गोळ्यांचं. खिशात सहज मावतं. पण टू टूच्या गोळीचा जोर थ्री टूपेक्षाही कमी. सर्वात लहान म्हणजे सर्वात चांगलं, असं नसतं.

चौथं प्रबल. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने आणलं. नळी ७६ मिलिमीटर, वजन गोळ्यांशिवाय ७०० ग्रॅम, आणि चक्री बाजूला उघडते, त्यामुळे भरायला-रिकामं करायला सोपं. कंपनी ५० मीटरपर्यंतचा पल्ला सांगते. पल्ला म्हणजे गोळी तिथे पोहोचते. तुमचा नेम तिथे पोहोचतो का, ते मगाशी केलेल्या गणितात बघा.

दुकानात गेल्यावर पाच गोष्टी बघा.

एक, रिकाम्या हत्याराचा चाप दुकानदाराच्या परवानगीने सुरक्षित दिशेला ओढून बघा. घोडा मागे न ओढता चाप दाबायला जोर जास्त लागतो. घरातल्या ज्या माणसाच्या नावावर परवाना आहे, त्याच्या बोटात तेवढा जोर आहे का?

दोन, वजन. हलकं हत्यार बाळगायला सोपं आणि झाडायला अवघड, कारण तोच झटका कमी वजनावर येतो.

तीन, मूठ. भात लावून आलेल्या ओल्या हातात ती घसरते का?

चार, काडतूस. रिव्हॉल्व्हरचं थ्री टू आणि पिस्तुलाचं थ्री टू ही वेगवेगळी काडतुसं आहेत. डबीवरचं नाव पूर्ण वाचा. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात, पण दुकानात ती कायम असतील असं धरून चालू नका. वर्षाला किती घेता येतील ते परवान्यावर ठरलेलं असतं.

पाच, सराव. ज्याने कागदी निशाणावर कधी गोळी झाडलेली नाही, त्याच्या हातात संकटाच्या वेळी रिव्हॉल्व्हर म्हणजे फक्त आवाज. जवळ नेमबाजीची रेंज नसेल तर खरेदीच्या आधी विचार करा.

कागदांचा रस्ता

पाटणमध्ये पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे साताऱ्याचे जिल्हाधिकारी. वय किमान २१. अर्ज नमुना ए-वनमध्ये. सोबत ओळख, पत्ता, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. मग पोलिसांची चौकशी. गावात तुमची भांडणं किती, दारूचं काय, आधीचे गुन्हे, सगळं त्यात येतं. मंजूर झालं तर राष्ट्रीय डेटाबेसमधला एक युनिक नंबर मिळतो. मुदत पाच वर्षं. एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. २०१९ पर्यंत ही मर्यादा तीन होती.

नकार आला तर कारण लेखी मागा. ते मागायचा हक्क आहे आणि वर अपील करता येतं. एजंटला पैसे देऊन "करून घेतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खोट्या पत्त्यावर काढलेला परवाना हा स्वतःच एक गुन्हा असतो.

साताऱ्यात फौजी घरं भरपूर. अनेकांकडे आजोबांच्या नावाची जुनी बंदूक कपाटात आहे. आजोबा वारले असतील तर ती तशीच घरात ठेवणं बेकायदेशीर आहे, भले कुणी हात लावत नसो. आधी पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करा, मग वारस म्हणून अर्ज करा. नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. आजोबा हयात आणि सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांच्या संमतीनेही वारसाला अर्ज करता येतो. नव्या परवान्यापेक्षा हा विषय आधी मिटवा.

आणि निवडणूक आली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुका मोजा. ते रिव्हॉल्व्हर किती दिवस तुमच्याजवळ असेल आणि किती दिवस ठाण्यात, हेही हिशोबात धरा.

घरात आणल्यावर

कोयनेच्या खोऱ्यात, नवजा-कोयनानगरच्या बाजूला, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये चपलांना बुरशी येते तिथे पोलादाचं काय होईल? चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं. तेलाचा हात, ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तपासणी. काडतुसंही कोरड्या, बंद डब्यात.

हत्यार कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली मुलांना माहीत नसलेल्या ठिकाणी. उशीखाली नाही, धान्याच्या कणगीत नाही, बैलगाडीच्या साटीत तर नाहीच. लग्नात, जत्रेत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता जे बोलायला जड जातं ते बोलतो. घरात बंदूक आली की त्या घरातल्या आत्महत्येचा धोका वाढतो, हे जगभर अभ्यासून झालेलं आहे. कारण सोपं आहे. वाईट घडी येते आणि जातेही, पण हाताशी बंदूक असेल तर त्या घडीतून परत यायला वाव राहत नाही. कर्ज, पडलेला भाव, घरातलं भांडण, दारू, यातलं काही तुमच्या घरात असेल, कुणी गप्प गप्प राहत असेल, तर रिव्हॉल्व्हर घेऊ नका. आधीच असेल तर जमा करा. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास.

चोरावर गोळी चालवता येते का?

चिंच काढणाऱ्यावर, मोटरची केबल कापणाऱ्यावर? नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो गरजेपुरताच. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा फार थोड्या प्रसंगांत आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा चोरी होताना आपल्याला जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची खरीच भीती असेल तेव्हा. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी लागली की तुम्ही फिर्यादी राहत नाही, आरोपी होता. केबलची किंमत काही हजार. खटला किती वर्षं चालेल आणि वकिलाची फी किती होईल, ते तुम्हीच मांडा.

मग डुकरांचं काय करायचं?

सव्वा लाखाच्या हिशोबात बसणाऱ्या गोष्टी सांगतो.

सौर कुंपण. बॅटरीवर चालणारं यंत्र तारेत साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका सोडतं. जनावर दचकतं, मरत नाही. अट एकच: तारेखालचं गवत कापत राहायचं, नाहीतर पावसाळ्यात सगळा करंट गवतातून जमिनीत जातो. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. तुमचं गाव त्यात आहे का ते वनरक्षकाला विचारा. पण घरातली लाइट सरळ तारेत सोडू नका. त्याने डुक्कर मरतं, गाय मरते आणि पहाटे पाणी बघायला आलेला चुलताही मरतो.

नुकसानभरपाई. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करा. फोटो काढताना फोनचं लोकेशन चालू ठेवा, सातबारा सोबत ठेवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पैसे कमी वाटतील. पण नोंद झाली की तुमच्या गावात त्रास किती आहे हे सरकारी कागदावर येतं, आणि उद्या सौर कुंपणासाठी किंवा डुक्कर मारायच्या परवानगीसाठी तोच कागद लागतो.

आणि राखण. आपले आजोबा माळ्यावर बसायचे, पण एकटे नाही. चार वावरांची मिळून पाळी असायची, डबे वाजायचे, शेकोटी असायची. आज त्याला व्हॉट्सॲप ग्रुप आणि चांगल्या बॅटऱ्यांची जोड देता येते. रात्री मोटरीला दोघांनी जायचं. मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर बसवला तर ती फेरीच वाचते, आणि तो रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या अगदी छोट्या तुकड्यात येतो. मला विचाराल तर रात्रीच्या वावरातला सगळ्यात चांगला सुरक्षा उपाय हाच: तिथे जायची वेळच येऊ नये.

तर मंडळी, थोडक्यात. पिकासाठी रिव्हॉल्व्हर नाही. त्यासाठी कुंपण, पंचनामा, राखण, आणि अगदीच वेळ आली तर लांब नळीची बंदूक आणि वनविभागाची परवानगी. गवा, बिबट्यासाठी रिव्हॉल्व्हर नाही; तिथे अंतर, उजेड आणि सोबत. माणसापासून खरा, दाखवता येण्यासारखा धोका असेल तर अर्ज करा, पण आधी दहा किलोमीटर मोजा, आधी सराव करा, आणि घरातल्या सगळ्यांच्या मनाचा अंदाज घ्या.

तुमच्या गावात सौर कुंपण बसवलं असेल तर किती खर्च आला, पावसाळ्यात टिकलं का, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात तेच ऐकवतो. काळजी घ्या. भेटू!